तेच श्रेयांक दोन पदव्यांसाठी धरता येतात का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांख्यिकी या मुख्य विषयाची १२० क्रेडिटची पदवी करीत असून त्यांपैकी ८४ क्रेडिट पूर्ण झाले आहेत. उरलेल्या ३६ पैकी २० अनिवार्य विषयांचे आणि १६ वैकल्पिक विषयांचे आहेत. पदवीला प्रवेश घेण्याआधी मी याच संस्थेत विदा (डेटा) विश्लेषणाचा २४ क्रेडिटचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यातील १२ क्रेडिटचे तीन विषय पदवीतही असल्यामुळे मला त्यांत सूट मिळाली आणि ते ८४ मध्ये धरले गेले. आता मला अर्थशास्त्राचीही पदवी घ्यायची आहे. तीही १२० क्रेडिटची असून तिच्या मुख्य विषयाला ५६ क्रेडिट लागतात. त्यांतील गणित व सांख्यिकीचे २० क्रेडिट माझे झालेले आहेत (प्रमाणपत्रातला एक विषयही त्यांत येतो), आणि भाषा व सामान्य विषयांचे २४ क्रेडिट दोन्ही पदव्यांत सारखेच आहेत. म्हणजे ४४ झाले, ७६ उरले, असा माझा हिशोब आहे. तो बरोबर आहे का? माझी मैत्रीण म्हणते की एकाच अभ्यासावर दोन पदव्या घेणे ही फसवणूक आहे. त्यामुळे कार्यालयात हा प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो.
— पदवीची एक विद्यार्थिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, परंतु ७६ हा आकडा गृहीत धरून पुढची वर्षे आखू नका. तुमची संस्था सामाईक श्रेयांकांबाबत, म्हणजे दोन्ही पदव्यांत धरल्या जाणाऱ्या क्रेडिटबाबत, कोणता नियम लावते यावर तो आकडा ३६ पासून १२० पर्यंत कुठेही जाऊ शकतो. शिवाय तुमच्या पत्रातील तपशील पाहता, तुम्हाला जे हवे आहे ते दुसऱ्या पदवीऐवजी बऱ्याच कमी श्रमांत मिळण्याचा एक मार्ग आज उघडा आहे, आणि पहिली पदवी हातात पडली की तो बहुधा बंद होईल. म्हणून संकोच बाजूला ठेवून याच सत्रात कार्यालयात जा.

आधी मैत्रिणीच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो मनात राहिला तर पुढचे काहीच मोकळेपणाने करता येणार नाही. श्रेयांक म्हणजे एखाद्या विषयासाठी अपेक्षित असलेल्या कामाची मोजणी. युरोपातील श्रेयांक पद्धतीत एका वर्षाचे पूर्णवेळ शिक्षण ६० श्रेयांकांचे असते आणि एक श्रेयांक २५ ते ३० तासांच्या कामाइतका धरला जातो; ब्रिटनमध्ये वर्षाला १२० श्रेयांक आणि प्रत्येकी १० तास. पदवी ही त्या मोजणीच्या आधारे संस्थेने जगाला दिलेली ग्वाही असते. तुम्ही दोन पदव्या ४४ सामाईक श्रेयांकांसह घेतल्या, तर तुम्ही केलेले एकूण काम २४० नव्हे, तर १९६ श्रेयांकांचे असेल. हे संस्थेला माहीत असेल, तिच्या नियमांत बसत असेल आणि तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर (विषय, श्रेयांक व गुणांच्या अधिकृत नोंदपत्रावर) दिसत असेल, तर कोणाचीही फसवणूक होत नाही. सांख्यिकीचा संभाव्यतेचा विषय जिने मनापासून शिकला, तिला अर्थशास्त्रासाठी तोच विषय पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकायला लावण्यात कोणाचेही हित नाही. तुमच्या मैत्रिणीला खटकणारी गोष्ट मात्र अगदीच निराधार नाही. दोन पदव्या नव्वद टक्के सारख्याच निघाल्या, तर दुसरी पदवी नवीन काहीच सांगत नाही. म्हणूनच बहुतेक संस्था सामाईक भागावर मर्यादा घालतात आणि ती मर्यादा योग्यच आहे असे माझे मत आहे.

फसवणूक सुरू होते ती लपवण्यापासून. प्रवेशअर्जात पूर्वीच्या पात्रता विचारल्या असताना त्या न लिहिणे, किंवा जवळपास तोच विषय दुसऱ्या विभागाच्या वेगळ्या सांकेतिक क्रमांकाखाली पुन्हा घेऊन त्याचे नवे श्रेयांक मिळवणे, हे त्या सदरात मोडते. पुष्कळ विद्यापीठे एकमेकांशी जुळणाऱ्या विषयांची यादीच छापतात आणि त्यांतील एकाच विषयाचे श्रेयांक मिळतील असे स्पष्ट सांगतात. सांख्यिकी विभागाचा ‘प्रतीपगमन विश्लेषण’ (रिग्रेशन) आणि अर्थशास्त्र विभागाचा ‘अर्थमिती’चा पहिला विषय अशा यादीत एकत्र सापडण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा उरलेले विषय निवडताना ती यादी आधी पाहा.

तिसरी गोष्ट प्रकल्पाची. श्रेयांक सामाईक धरण्याची परवानगी मिळाली, तरी एकच प्रकल्प किंवा प्रबंध दोन पदव्यांसाठी सादर करण्याची परवानगी त्यात येत नाही. प्रबंधाच्या सुरुवातीला ‘हे काम यापूर्वी अन्य कोणत्याही पदवीसाठी सादर केलेले नाही’ असे प्रतिज्ञापत्र जोडायची पद्धत जगभर आहे, आणि तुमची सही त्याखाली असते. जुन्या प्रकल्पातील विदा वापरून नवा प्रश्न हाताळायचा असेल, तर मार्गदर्शकांना तसे सांगून, जुन्या कामाचा उल्लेख करून ते करता येते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ‘विषय झालेला आहे’ आणि ‘क्रेडिट झाले’ ही दोन्ही वाक्ये एकाच अर्थाने वापरली आहेत, आणि हिशोब चुकण्याची शक्यता इथेच सर्वाधिक आहे. प्रत्येक पदवीच्या अटी दोन प्रकारच्या असतात. एक अट आशयाची : अमुक विषय येत असले पाहिजेत. दुसरी अट परिमाणाची : एकूण अमुक इतके श्रेयांक, आणि पुष्कळदा त्यांतील अमुक इतके याच पदवीसाठी मिळवलेले असले पाहिजेत. आधी केलेल्या विषयामुळे पहिली अट पूर्ण झाली म्हणजे दुसरीही झाली असे नाही. संस्था तुम्हाला सांगू शकते की, संभाव्यतेचा विषय तुम्हाला पुन्हा घ्यावा लागणार नाही, परंतु त्याचे चार श्रेयांक पहिल्या पदवीत गेले असल्यामुळे त्यांच्या जागी चार श्रेयांकांचा दुसरा विषय घ्या. कार्यालयातील माणूस तोंडी ‘हो, सूट मिळते’ म्हणतो तेव्हा तो बहुधा पहिल्या अटीबद्दल बोलत असतो. ऐकणारी विद्यार्थिनी मात्र ते दोन्ही अटींबद्दलचे उत्तर समजून घरी येते.

हा फरक तुमच्या आकड्यांना लावून पाहू. संस्था दोन्ही अटींसाठी जुने श्रेयांक कोणत्याही मर्यादेशिवाय मान्य करीत असेल, तर तुमचे ७६ बरोबर आहेत. सामाईक भागाची मर्यादा एकूण श्रेयांकांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ३० असेल, तर ९० नवे श्रेयांक लागतील. उरलेल्या १४ श्रेयांकांचे विषय पुन्हा करावे लागणार नाहीत, पण त्यांची जागा इतर विषयांनी भरावी लागेल. एकदा पदवीसाठी वापरलेले श्रेयांक पुन्हा धरायचेच नाहीत असा नियम असेल, तर संपूर्ण १२० नवे. त्यातही आशयाची सूट मिळाली तर मोकळ्या झालेल्या जागेत प्रगत विषय घेता येतात, एवढाच दिलासा. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत चौथाच प्रकार आढळतो : पहिली पदवी साधारण १२० श्रेयांकांची, आणि दुसऱ्या पदवीसाठी त्यावर किमान ३० नवे श्रेयांक व नव्या मुख्य विषयाच्या सर्व अटी. हा नियम ऐकायला फार उदार वाटतो, पण दोन्हींपैकी जी अट मोठी असेल ती लागू होते. तुमच्या बाबतीत अर्थशास्त्राच्या ५६ पैकी २० झालेले आहेत, म्हणजे ३६ उरतात. तेव्हा ३० नव्हे, तर किमान ३६.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी उभ्या राहिलेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक खात्यात जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेत, हा प्रश्न खात्याच्या पद्धतीने सोडवला आहे. जमा झालेले श्रेयांक एखादी पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वापरले की ते विद्यार्थ्याच्या खात्यातून कायमचे वजा होतात. वापरले न गेलेले श्रेयांकही अनिश्चित काळ टिकत नाहीत; त्या नियमांत त्यांची कमाल मुदत सात वर्षांची ठेवली आहे. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. आयोगाने २०२२ मध्ये दोन पदवी अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘दोन्हीकडे तेच श्रेयांक चालतील’ असा लावला. एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांत शिकण्याची परवानगी आणि एकाच विषयाचे श्रेयांक दोनदा धरण्याची परवानगी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी निघत नाही. तुमची संस्था कोणत्याही देशातील असली, तरी हे वेगळेपण ध्यानात ठेवा.

तुमच्या प्रमाणपत्राचा प्रश्न पदव्यांपेक्षा निराळा आहे. लहान पात्रतेवर मोठी पात्रता रचण्याची पद्धत जिथे मुद्दाम आखलेली असते, तिथे तेच श्रेयांक वर नेणे हाच हेतू असतो. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाचे प्रमाणपत्र १२० श्रेयांकांचे, पदविका २४० ची आणि ऑनर्स पदवी ३६० ची. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीत सामावलेली असते. अशा रचनेत पदवी मिळाल्यावर खालचे प्रमाणपत्र स्वतंत्र पात्रता म्हणून उरत नाही, असा नियम अनेक विद्यापीठांत आहे. तुम्हाला मिळालेली सूट ही या प्रकारची होती, की दोन स्वतंत्र अभ्यासक्रमांतील साम्यामुळे दिलेली होती, हे सूट देणाऱ्या पत्रावरून कळेल. ते पत्र शोधून ठेवा.

ते पत्र लागण्याचे आणखी एक कारण आहे. तुमच्या तीन विषयांपैकी एक अर्थशास्त्रातही येतो, म्हणजे तो तुम्ही तिसऱ्यांदा वापरू पाहत आहात. एक विषय दोनपेक्षा जास्त ठिकाणी धरता येणार नाही, असा नियम काही विद्यापीठांत असतो. तसा नियम नसला, तरी पदवीत मिळालेली सूट आपोआप पुढे सरकत नाही. नव्या अभ्यासक्रमाचा विभाग तुमची सूट पाहत नाही. तो मूळ विषय कुठे, कोणत्या पातळीवर आणि किती श्रेयांकांचा झाला हे पाहतो. प्रमाणपत्राचा विषय पदवीपेक्षा खालच्या पातळीवर नोंदलेला असेल, तर सांख्यिकी विभागाने उदारपणे मान्य केलेला विषय अर्थशास्त्र विभाग नाकारू शकतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. म्हणून तुमच्या २० मधील त्या विषयाचे श्रेयांक अनिश्चित समजा.

आता तो मार्ग, ज्यासाठी मी तुम्हाला याच सत्रात कार्यालयात जायला सांगितले. तुमची पहिली पदवी अजून पूर्ण झालेली नाही. अनेक विद्यापीठांत एकाच पदवीत दोन मुख्य विषय घेता येतात, आणि त्या रचनेत १२० श्रेयांकांची अट एकदाच लागते, कारण पदवी एकच असते. भाषा आणि सामान्य विषयांचे २४ श्रेयांक दोनदा धरायचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. अर्थशास्त्राचे तुमचे ३६ श्रेयांक उरले आहेत. त्यांपैकी १६ तुमच्या शिल्लक वैकल्पिक विषयांच्या जागी बसू शकतात. मग जादा लागतात ते फक्त २०, आणि तुमची पदवी १२० ऐवजी १४० श्रेयांकांवर पूर्ण होते. तुमच्या हिशोबातील ७६ च्या तुलनेत हे सुमारे एका ते दीड सत्राचे काम आहे. वैकल्पिक विषय तुम्ही अजून निवडलेले नाहीत, म्हणूनच हे शक्य आहे. ते १६ श्रेयांक एकदा इतरत्र खर्च झाले की ही सोय गेली. पदवी प्रदान झाल्यावर तर बहुतेक संस्था ती नोंद पुन्हा उघडत नाहीत.

या मार्गावरही एक अडसर आहे. दोन मुख्य विषयांत सामाईक विषय किती असू शकतात, याची मर्यादा विभाग ठरवतात, आणि प्रत्येक मुख्य विषयात किमान इतके विषय केवळ त्याचेच असावेत असा आग्रह धरतात. तुमचे २० सामाईक श्रेयांक त्या मर्यादेत बसले नाहीत, तर फरकाइतके अर्थशास्त्राचे वरच्या पातळीवरील विषय घ्यावे लागतील. समजा, १२ च चालतात. तरी जादा श्रेयांक २० चे २८ होतात. तरीही ते ७६ च्या जवळपासही जात नाहीत.

तुमच्या पत्रात दुसरी पदवी कशासाठी हवी आहे हे लिहिलेले नाही, आणि ते मला जाणून घ्यायला आवडले असते. अर्थशास्त्रात पुढे संशोधन किंवा धोरणविषयक काम करायचे असेल, तर पदवीच्या पातळीवरील दुसरी पदवी हा लांबचा रस्ता आहे. गणित-सांख्यिकीचा पाया पक्का असलेल्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे मध्यम पातळीचे विषय तेवढे आधी झालेले असावे लागतात, आणि ते तुमच्या १६ वैकल्पिक श्रेयांकांत बसू शकतात. काही विद्यापीठांत पदवीच्या शेवटच्या वर्षी घेतलेले मोजके पदव्युत्तर विषय पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशा दोन्हींकडे धरण्याची अधिकृत योजना असते. मात्र तिच्यासाठी ते विषय घेण्याआधी नोंदणी करावी लागते. विषय उत्तीर्ण झाल्यावर केलेल्या विनंतीला तिथे सहसा नकारच मिळतो. याउलट एखाद्या पदाच्या जाहिरातीत ‘अर्थशास्त्र मुख्य विषय’ अशी नेमकी अट असेल, तर दुहेरी मुख्य विषय ती पूर्ण करतो का, हे त्या भरती करणाऱ्या यंत्रणेलाच विचारावे लागेल. विद्यापीठाने दिलेले उत्तर तिथे बंधनकारक नसते.

दुसरी पदवी वेगळ्या संस्थेत घेण्याचा विचार असेल, तर गणित आणखी बदलते. पदवी देणारी संस्था आपल्याकडे किमान काही हिस्सा पूर्ण झाला पाहिजे अशी अट घालते. अमेरिकेत हा हिस्सा अनेक ठिकाणी किमान एक चतुर्थांश असतो. श्रेयांकांची मापेही वेगळी असतात, ब्रिटनचे २० श्रेयांक म्हणजे युरोपीय पद्धतीतील १०. बाहेरून आणलेल्या विषयांची श्रेणी नव्या सरासरीत बहुधा धरली जात नाही, त्यामुळे तुमचे चांगले गुण तिथे उपयोगी पडणार नाहीत. संगणनाशी संबंधित विषय काही वर्षांनी जुने ठरवले जाऊ शकतात.

कार्यालयात जाताना प्रश्न ‘माझे क्रेडिट चालतील का?’ असा विचारू नका. त्याला नेमके उत्तर मिळत नाही. आधी ज्या वर्षी तुमचा प्रवेश झाला त्या वर्षाची नियमावली काढा, कारण बहुधा तीच तुम्हाला लागू असते. मग एका कागदावर सामाईक विषयांचा तक्ता करा : विषयाचे नाव, सांकेतिक क्रमांक, पातळी, श्रेयांक, आतापर्यंत तो कुठे धरला गेला आणि आता कुठे धरायचा आहे. त्यासोबत प्रत्येक विषयाची पाठ्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्राचे ट्रान्सक्रिप्ट आणि सूट दिल्याचे पत्र जोडा. अर्जात तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचारा : प्रत्येक विषयासाठी आशयाची अट पूर्ण झाली असे मानले जाईल का, त्याचे श्रेयांक एकूण संख्येत धरले जातील का, आणि दुहेरी मुख्य विषय घेतल्यास सामाईक भागाची मर्यादा किती. अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुखांची अनुकूल शिफारस मिळाली तरी ती अंतिम मानू नका. विभाग आशयाबद्दल बोलतो, श्रेयांकांचा निर्णय नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचा असतो. उत्तर लेखी आणि तारखेसह घ्या. नियमावली बदलली किंवा अधिकारी बदलले, तर तुमच्याकडे तोच एक आधार असेल.

दुहेरी मुख्य विषयाची सोय तुमच्या संस्थेत नसेल किंवा अर्ज फेटाळला गेला, तर अर्थशास्त्र हा उपविषय म्हणून घेता येतो का ते त्याच भेटीत विचारा. उपविषयाला मुख्य विषयापेक्षा बरेच कमी श्रेयांक लागतात, तुमचे १६ वैकल्पिक श्रेयांक त्यात मोठा वाटा उचलू शकतात, आणि तो ट्रान्सक्रिप्टवर नोंदला जातो. सामाईक विषयांची मर्यादा तिथेही असते, आणि ती मुख्य विषयापेक्षा कडक असू शकते. तेव्हा वैकल्पिक विषयांची अंतिम नोंदणी करण्याआधी तोही आकडा लेखी मागून घ्या.